हॉकीपटूची बाजू मांडणार कोण?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

हॉकी इंडिया लीग २०२४च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्यापासून आपल्या क्रीडा पानावर लिलावातल्या बोली, संघमालक आणि परदेशी प्रशिक्षक यांच्याविषयी पुष्कळ मजकूर आला. हरमनप्रीत सिंगवर ७८ लाख रुपयांची आणि महिलांमध्ये उदितावर ३२ लाख रुपयांची बोली लागली, याचा माझ्यासारख्या जुन्या हॉकीप्रेमीला आनंदच झाला. (त्या हंगामात पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता, हे दुःख वेगळे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.) मात्र करारावर सही करून, पैसे घेऊन खेळणाऱ्या या खेळाडूवर उद्या निलंबनाची कारवाई झाली तर त्याच्या वतीने कोण बोलणार, या प्रश्नाला या सगळ्या मजकुरात कोठेही जागा मिळालेली दिसली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात मी अनेक वर्षे युनियनचा पदाधिकारी होतो आणि अंतर्गत चौकशांमध्ये कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. त्यामुळे हा प्रश्न क्रीडा पानावरचा असला तरी मला ओळखीचा वाटतो.

ज्या लीगमध्ये या प्रश्नाचा सर्वाधिक खल झाला ती उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. ती १९१७ साली सुरू झाली. तेथील हॉकी बर्फावरची आहे आणि अंगावर जाऊन धडक देणे हा तिच्या नियमांतच बसणारा भाग असल्यामुळे, नियमातली धडक कोठे संपते आणि इजा करण्याचा हेतू कोठे सुरू होतो, यावरून तेथे सतत वाद होतात. त्यांतील दोन प्रकरणे, एकमेकांपासून साठ वर्षांच्या अंतरावरची, शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

मार्च १९५५ मध्ये मॉन्ट्रियलचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार याने बॉस्टनमधील एका सामन्यात हाणामारीच्या भरात लाइन्समनला, म्हणजे मैदानावरील सहायक पंचाला, ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेला हंगाम आणि त्यापुढचे बाद फेरीचे सर्व सामने यांसाठी निलंबित केले. रिशारचा अपराध खरा होता आणि तो गंभीरही होता. पण त्याच्या बाजूने अधिकाराने बोलू शकेल अशी खेळाडूंची संघटना तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ज्या संतापाला टेबलावर मांडण्याची सोय नव्हती तो १७ मार्चच्या रात्री मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर उतरला, दुकाने फुटली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिशारलाच लोकांना शांततेचे आवाहन करावे लागले.

दुसरे प्रकरण जानेवारी २०१६चे. कॅलगरी फ्लेम्सचा डेनिस वाइडमन याला प्रतिस्पर्ध्याची जोरदार धडक बसली, आणि राखीव खेळाडूंच्या बाकाकडे परतताना त्याने पाठमोऱ्या लाइन्समनला स्टिकसह ढकलून पाडले. लीगने त्याला २० सामन्यांसाठी निलंबित केले आणि लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, गॅरी बेटमन यांनी अपिलात ती शिक्षा कायम ठेवली. १९५५ साली गोष्ट येथेच संपली असती. परंतु लीगशी झालेल्या २०१३च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या संघटनेने एक कलम मिळवले होते: सहा किंवा त्याहून अधिक सामन्यांचे निलंबन असेल तर कमिशनरच्या निर्णयानंतर त्रयस्थ लवादाकडे दाद मागता येईल. त्या कलमाच्या आधारे प्रकरण लवाद जेम्स ओल्डहॅम यांच्यापुढे गेले. वाइडमनने लाइन्समनला पाडले यात वाद नव्हता. तो इजा करण्याच्या हेतूने वागला काय, एवढाच प्रश्न होता. तसा हेतू सिद्ध होत नाही, असे म्हणून ओल्डहॅम यांनी शिक्षा १० सामन्यांवर आणली.

तोपर्यंत वाइडमन १९ सामने बाहेर बसलेला होता. गेलेले सामने कोणी परत देऊ शकत नाही; जास्तीच्या सामन्यांचा कापलेला पगार मात्र त्याला परत मिळाला. लीगने पुढे त्या लवादालाच पदावरून दूर केले आणि निकाल रद्द व्हावा म्हणून न्यायालय गाठले, तेथेही ती अपिलापर्यंत हरली. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनबाबत याचीच उजळणी झाली. शिक्षा २० सामन्यांची, लवाद श्याम दास यांनी ती १४वर आणली, आणि निकाल येईपर्यंत विल्सनचे १६ सामने बुडालेले होते. निकाल न्याय्य असूनही उशिरा आला की त्याचे मोल किती घटते, हे लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही, आणि आपल्याकडे अशी व्यवस्था कधी उभी राहिलीच तर निकालाची मुदत तिच्यात पहिल्या दिवसापासून बांधलेली असावी.

हे कलम संघटनेला कोणी उदारपणे बहाल केलेले नाही. १९५७ साली डेट्रॉइटचा टेड लिंडसे आणि त्याच्या साथीदारांनी पहिल्यांदा खेळाडूंची संघटना बांधायला घेतली तेव्हा, तो त्या काळातील आघाडीचा खेळाडू असूनही, त्याची रवानगी तळाशी असलेल्या शिकागो संघात करण्यात आली. आमच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना ही बदली कशासाठी होती ते लगेच कळेल. तो प्रयत्न फसला. टिकणारी संघटना उभी राहिली ती १९६७ साली, आणि तिचा पहिला प्रमुख ॲलन इगलसन पुढे खेळाडूंच्याच पैशांच्या अपहाराच्या प्रकरणात तुरुंगात गेला, हेही येथेच नोंदवतो, कारण युनियन म्हटली की ती आपोआप सचोटीची असा भ्रम निदान मला तरी नाही. इगलसन गेला तरी संघटना राहिली आणि हंगाम बंद पाडणारे मोठे संघर्ष होऊनही टिकली. २००४-०५चा तर संपूर्ण हंगाम मालकांच्या टाळेबंदीत गेला.

संघटनेवर होणारा एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. ज्याने धडक मारली तो तिचा सभासद असतो आणि ज्याच्या डोक्याला मार लागला तोही तिचाच सभासद असतो; मग ती मारणाऱ्याची वकिली का करते? २००४ मध्ये टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरवर मागून केलेल्या हल्ल्याने मूरची कारकीर्दच संपली, तेव्हा असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. कारखान्यात दोन कामगारांची मारामारी झाली की युनियनच्या पदाधिकाऱ्याचीही हीच कोंडी होते, आणि मार खाल्लेल्याचे नातेवाईक युनियन ऑफिसात येऊन जे बोलतात ते ऐकून घेणे सोपे नसते. माझ्या अनुभवात त्यातून एकच वाट निघते. आरोपीने केले ते योग्य होते असे युनियनने कधीही म्हणू नये. आरोप लेखी आहे काय, पुरावा दाखवला काय, पूर्वी अशाच कृत्याला किती शिक्षा झाली, आणि निर्णय देणारा तक्रारदारापासून वेगळा आहे काय, एवढेच तिने विचारावे. जखमी खेळाडूच्या उपचारांचा, पगाराचा आणि भविष्याचा पाठपुरावा तिने तितक्याच जोराने केला पाहिजे, आणि या बाबतीत एनएचएलमधील संघटनेचीही पाटी स्वच्छ आहे असे मी म्हणणार नाही. तेथील काही गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. २०११ पासून तेथे शिक्षा ठरवण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तो निलंबनाचा निर्णय चित्रफितीसह, कारणे सांगून जाहीर करतो. दंडाची रक्कमही लीगच्या तिजोरीत न जाता खेळाडूंच्या आपत्कालीन साहाय्य निधीत जमा होते.

आता आपल्याकडे वळतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले, भारत उरलेला सामना दहा जणांनिशी खेळला आणि शूटआउटमध्ये जिंकला, हे सर्वांना आठवत असेल. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, तिच्याविरुद्धचे अपील फेटाळले गेले आणि जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना भारताने त्याच्याविना २-३ असा गमावला. त्या वेळी हॉकी इंडिया, म्हणजे देशातील हॉकीचा कारभार पाहणारी संस्था, खेळाडूच्या पाठीशी उभी राहिली आणि ते योग्यच झाले. पण तेथे शिक्षा देणारा दुसरा होता. जेव्हा आरोप ठेवणारी, चौकशी करणारी आणि शिक्षा सुनावणारी हॉकी इंडियाच असते तेव्हा खेळाडूच्या पाठीशी कोण असते?

२०११च्या अखेरीस सरदारा सिंग आणि संदीप सिंग यांनी राष्ट्रीय शिबिर सोडले म्हणून त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली, आणि त्यांनी माफी मागताच थोड्याच दिवसांत ती उठवण्यात आली. शिबिर सोडणे हा बेशिस्तीचा प्रकार होता हे मान्य केले तरी, दोन वर्षांची शिक्षा जर माफीच्या एका पत्राने विरघळत असेल तर ती मुळात कोणत्या मोजमापाने ठरवली होती, हे विचारावेच लागते. २०१५ मध्ये बेशिस्तीच्या ठपक्यावरून गुरबाज सिंगवर नऊ महिन्यांची बंदी आली, तेव्हा त्याला दाद मागण्यासाठी थेट उच्च न्यायालयात जावे लागले. प्रत्येक खेळाडूला ते झेपत नाही. मुलगा किंवा मुलगी झारखंड-ओडिशातील खेड्यातून आलेली असेल तर वकिलाची फी हाच पहिला अडसर ठरतो.

आणि ज्या कारवाईला कोणी निलंबन म्हणतच नाही तिचे काय? डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने तब्बल ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळवले आणि त्यानंतर कर्णधार धनराज पिल्ले याच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’ देण्यात आली. खडकीच्या या खेळाडूवर आरोपपत्र नव्हते, म्हणून त्याला उत्तर देण्याचीही संधी नव्हती. संघनिवडीत संघटनेने लुडबुड करू नये हे मला पटते. पण मानधन मागणाऱ्यांना संघातून वगळले जात असेल, आणि तेव्हा तसेच झाले असे अनेकांना वाटले, तर त्याची नोंद ठेवणारे कोणीतरी हवे. याच धनराजने इतर खेळाडूंसह २०११ साली बाजारातील मक्तेदारीला आळा घालणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे हॉकी इंडियाविरुद्ध तक्रार केली होती, कारण मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्यास राष्ट्रीय संघाची दारे बंद होण्याचा धोका होता. २०१३च्या निकालात आयोगाला कायद्याचा भंग आढळला नाही, पण नियमनाचे अधिकार आणि व्यावसायिक व्यवहार यांची सरमिसळ होऊ नये अशी व्यवस्था संस्थेने करावी, असे आयोगाने सुचवले. आता तीच संस्था लीगही चालवते, त्यामुळे ती सूचना आज अधिक महत्त्वाची झाली आहे.

२०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने प्रत्येक क्रीडा संस्थेत खेळाडूंची समिती आणि देशपातळीवर क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली, याचे मी स्वागत करतो. परंतु ही समिती संस्थेच्या चौकटीतली असेल. व्यवस्थापनाने स्थापन केलेली कार्यसमिती आणि कामगारांची युनियन यांतील फरक वाशीच्या बाजार समितीतील कोणताही माथाडी कामगार सांगेल. न्यायाधिकरणापुढे जायचे तरी कागद तयार करणारे, खर्च उचलणारे आणि आधीच्या प्रकरणांची नोंद ठेवणारे कोणीतरी लागणारच.

एक विसंगती तर मला फारच खटकते. आपले बहुतेक नामवंत हॉकीपटू रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका, पोलीस किंवा सैन्यदले यांत नोकरीला असतात. ऑफिसातल्या टेबलावरच्या एखाद्या फायलीवरून त्यांच्यावर कारवाई झाली तर त्यांना नोटीस, चौकशी आणि अपील हे सगळे मिळते. कारखान्यातील निलंबित कामगाराला तर चौकशी चालू असताना पहिले ९० दिवस निम्मा आणि त्यानंतर, विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर, पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. पण ज्या खेळाच्या जोरावर ती नोकरी मिळाली त्या खेळातून काढताना यांतले काहीही बंधनकारक नाही.

भारतीय हॉकीपटूंना एकजूट जमत नाही असेही नाही. जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीतील विश्वचषक तोंडावर असताना, पुण्याच्या बालेवाडीतील शिबिरात खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला, कारवाईचे इशारे आले तरी ते हटले नाहीत, आणि अखेर तोडगा निघाला. पैसे मिळाले आणि एकी विरली, कारण तिला नोंदणी, वर्गणी किंवा कार्यालय यांपैकी काहीच नव्हते. फुटबॉलपटूंनी २००६ सालीच बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने आपली संघटना स्थापन केली आहे. निवृत्त क्रिकेटपटूंचीही २०१९ पासून संघटना आहे.

म्हणून लीगच्या पुढील लिलावाआधी पुरुष आणि महिला खेळाडूंनी एकत्र येऊन संघटनेची नोंदणी करावी. ती कामगार संघटना म्हणून करायची की संस्था म्हणून, हे वकिलांनी ठरवावे. वर्गणी बोलीच्या रकमेतून ठरावीक टक्क्यांनी कापली जावी, म्हणजे ७८ लाखांचा खेळाडू सर्वांत कमी बोलीच्या खेळाडूचा भार थोडा उचलेल. संघमालकांशी होणाऱ्या प्रमाणित करारात लेखी आरोप, सोबत प्रतिनिधी नेण्याचा हक्क, त्रयस्थ लवाद आणि ३० दिवसांत निकाल या अटी घालाव्यात, आणि लवादाची नेमणूक दोन्ही बाजूंच्या संमतीनेच व्हावी. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर आजी-माजी हॉकीपटूंची मते मागवून छापावीत, ही विनंती. ज्यांची कारकीर्द अजून चालू आहे त्यांनी नाव गुप्त ठेवण्याची अट घातली, तर ती मान्य करावी.

आपला,
एक निवृत्त कामगार प्रतिनिधी,
कळवा, ठाणे