डावा हात भात्यावर

मामा,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवेल. त्याला सांगा, सावकाश वाच.

गणपतीच्या आधी शहापुरातल्या तुमच्या पेटीदुरुस्तीच्या खोलीत आले, ती मी डोकं उठवून घेऊनच. अकरा वर्षं पियानो शिकलेली मी, पहिला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवायचं वाद्य, घ्यायचा तर पियानोसारख्या 88 वजनदार पट्ट्या हव्यातच, असा हट्ट. एका दुकानात तर आयते ताल वाजवणारा कीबोर्डच सिंथ म्हणून गळ्यात मारत होते.

“घरी पियानो हाय न्हवं? मग परत पियानो कशाला घेतीस?” एवढंच बोलून तुम्ही ऑर्केस्ट्रावाल्या पोराचा कॉर्ग मिनीलॉग हा छोटा सिंथ पुढ्यात ठेवलात. 37 पट्ट्या, त्याही बारीक. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

“एक सा दाब. सोडू नको.”

पियानोत हातोडी तारेवर पडली की स्वर उतरणीलाच लागतो. हा हलेना. तुम्ही फिल्टरची खुंटी फिरवलीत आणि घोंगडीखाली बोलणारा आवाज हळूहळू तोंड बाहेर काढू लागला. मग अटॅक, म्हणजे स्वर पूर्ण उगवायला लागणारा वेळ, वाढवलात, तर तोच सा सारंगीवर गज ओढल्यासारखा उगवला. मी अर्धा तास दुसरी पट्टी दाबलीच नाही.

“पेटीवाल्याचा डावा हात कुठं असतोय? भात्यावर. तुझा का अडकवून ठेवतीस?”

1970 च्या मिनीमूग सिंथवर एका वेळी एकच स्वर वाजायचा, हे वाचून मी तो कमीपणा समजले होते. पण एका हातानं स्वर धरून दुसऱ्यानं तो घडवायचा असतो. बेळगावात, पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात राहून ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली, याची लाजच वाटली.

शेवटी मिनीलॉगच घेतला, जुना. एका वेळी चारच स्वर. पाचवा दाबला की आधीचा एक गप्प. मी चिडले, तर तुम्ही म्हणालात, “बाकावर चौघंच बसणार, पाचवं आलं की एकानं उठायचं.” बाखची चार आवाजांची कोरालं, म्हणजे चर्चमधली स्तोत्रं, मात्र नेमकी मावतात. बारीक पट्ट्यांशी माझं अजून जमलेलं नाही. जड हाताची हौस आली की डिजिटल पियानोला मिडीची वायर जोडते आणि त्याच्यावरून मिनीलॉग वाजवते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, कुंद्याची मिठाई नातवानं संपवली. आता आजीची पेटी माळ्यावरून काढली आहे, तिचे दोन सूर बोलत नाहीत. रविवारी रिक्षात घालून आणते. असाल ना?

तुमची,
पियानोवाली