लिनक्स कर्नलचा पत्ता बदलता राहू द्या

संपादक महोदय,

सायबर सुरक्षेवर लिहिताना सगळे पासवर्डवरच अडकतात, कॉम्प्युटर बूट होताना, म्हणजे सुरू होताना, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) काय करतो ते कोणी बघतच नाही. लिनक्समध्ये २०१४ पासून केएएसएलआर ही सोय आहे, म्हणजे दर बूटला कर्नल मेमरीत वेगळ्याच पत्त्यावर जाऊन बसतो, त्यामुळे हल्लेखोराला एखादं फंक्शन नेमकं कुठंय ते आधी कळत नाही. अर्थात ६४ बिट इंटेलवर १ जीबी मेमरीत २ एमबीचे टप्पे, म्हणजे कर्नल बसू शकेल अशा जागा जेमतेम ५००च्या आसपास, आणि एक पत्ता लीक झाला की बाकीचे वजाबाकीने निघतात! तरी डीबगिंगसाठी (दोष शोधायला) लोक केएएसएलआर बंद करणारा ‘नोकेएएसएलआर’ हा बूटचा पर्याय टाकतात आणि ते सर्व्हरवर तसंच राहतं, कशाला? पॅनिक झाला, म्हणजे कर्नल कोसळला, तर लॉगमध्ये कर्नल ऑफसेट (तो मूळ पत्त्यापासून किती सरकला ते) बहुतेक वेळा छापून येतो की, तो पत्त्यांतून वजा करा नि सिम्बॉल, म्हणजे फंक्शनची नावं, जुळवा.

– एक वाचक