आरोग्यमंत्री महोदय, मुलींच्या झोपेचीही चौकशी व्हावी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या बऱ्याच जणींच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर जातात. घरात मोबाईल एकच, आईचा; इन्स्टाग्राम मात्र प्रत्येकीचे.

गड्ड्याच्या यात्रेत दोन मैत्रिणींनी काढलेल्या फोटोखाली कुणीतरी रंगावरून घाणेरडे लिहिले. एकीने शिव्या घातल्या आणि विषय सोडून दिला. दुसरी आई झोपली की मोबाईल घेऊन तेच वाचत बसायची. सकाळी डोळे सुजलेले, मधल्या सुट्टीत डबा तसाच बंद.

तिला सगळे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. पण ते सर्वस्वी तिच्या हातात नाही. कौतुक आणि अपमान टिपणारे मेंदूतले भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम आणि अमिग्डाला, प्रत्येकात सारख्याच तीव्रतेने काम करत नाहीत. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या १६९ शाळकरी मुलांचा तीन वर्षे मेंदू-स्कॅन करून अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सोशल मीडिया सारखा उघडून बघणाऱ्या मुलांचा मेंदू इतरांच्या प्रतिक्रियांबाबत अधिकाधिक हळवा होत गेला, कमी बघणाऱ्यांचा उलट. मोबाईलने मेंदू बदलला की मुळात तसा मेंदू म्हणून मोबाईल सुटेना, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण यातले काहीही खरे असले, तरी माझ्या विद्यार्थिनीला मदत लागतेच.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद केली. आपल्याकडे काय ठरायचे ते ठरो. सरसकट नियमाने ही दुसरी मुलगी कोण, हे कळणार नाही आणि माझी काळजी तिची आहे.

शाळेत तपासणीला पथक येते. डोळे, दात, वजन बघून पुढच्या वर्गात जाते. त्याच वेळी प्रत्येक मुलीला एकटीला बसवून विचारावे: झोप लागते का, जेवण जाते का, मोबाईल बघून झाल्यावर कसे वाटते? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चांगला आहे, पण तो लावायचा आईच्याच मोबाईलवरून, एका खोलीच्या घरात, सगळ्यांसमोर. आणि सिव्हिलला न्यायचे तर आईची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून समुपदेशकानेच महिन्यातून एकदा शाळेत यावे. जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हापासून पूर्व भागातल्या शाळांत हे सुरू करावे, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर