कॅरॅव्हॅन उभी करण्याच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र स्विच आणि आरसीसीबी सक्तीचा करा

महोदय,

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. गाडीतच मुक्काम करणाऱ्या पर्यटकांच्या सोयींचा विषय निघाला की पाणी, शौचालय आणि सांडपाणी यांवर पुष्कळ बोलले जाते. विजेचा विषय मात्र 'कनेक्शन आहे' एवढ्यावरच संपतो. मी कोकणात काम करणारा परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे आणि या दुर्लक्षाची मला मनापासून काळजी वाटते.

कॅरॅव्हॅनची बॉडी धातूची असते आणि ती रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीशी तिचा विद्युतसंपर्क जवळपास नसतोच. आतल्या गीझरची किंवा एसीची फेज, म्हणजे जिवंत तार, बॉडीला लागली आणि केबलमधील अर्थची तार तुटलेली असली, तर संपूर्ण गाडीत 230 व्होल्ट उतरतात. आत बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. धोका असतो तो एक पाय ओल्या जमिनीवर ठेवून दाराचा दांडा धरणाऱ्याला, आणि ते लहान मूलही असू शकते. अशा वेळी एमसीबी, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की पडणारा स्विच, उपयोगाचा नाही, कारण माणसाच्या शरीरातून जाणारा, जीव घेण्यास पुरेसा असलेला प्रवाह मिलिअँपिअरमध्येच मोजण्याइतका असतो, तर 16 अँपिअरचा एमसीबी त्याच्या कित्येक पट प्रवाहाची वाट पाहत राहतो. तेथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीच, म्हणजे तेवढा प्रवाह जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विचच लागतो.

अनेक ठिकाणी बंगल्याच्या किंवा हॉटेलच्या मागच्या भिंतीवरील सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून गाडीला वीज दिली जाते. त्यात फेज आणि न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची तार) उलटसुलट झालेले असले, तर एकाच तारेवर बसवलेला स्विच बंद करूनही आतील उपकरणांत फेज शिल्लक राहते. म्हणूनच जागेवरचा स्विच दोन्ही तारा एकदम तोडणारा, म्हणजे डबल पोल असला पाहिजे. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडण्याची सवय तर फारच घातक आहे. वाटेत कोठेही न्यूट्रल तुटला की दिवा विझतो, पण गाडीची बॉडी मात्र जिवंत होते. अंतराचाही विचार व्हावा. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून 100 मीटरवर 16 अँपिअर नेले, तर सुमारे 24 व्होल्ट वाटेतच पडतात आणि बिघाडाच्या वेळी एमसीबी तत्काळ पडेल याचीही खात्री राहत नाही.

ज्या देशांत हे पर्यटन रुजले आहे, तेथे याचे नियम तपशीलवार आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत अनुच्छेद 551 याच विषयाला वाहिलेला आहे. गाडीचा पुरवठा तोडणारा स्विच किंवा ब्रेकर त्या जागेवरच्या पेटीतच असावा, असे तो सांगतो. आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकाचा 708 वा विभाग कॅरॅव्हॅन पार्कसाठी आहे. प्रत्येक सॉकेटला 30 मिलिअँपिअरचे स्वतंत्र संरक्षण, सॉकेटची जमिनीपासून अर्धा ते दीड मीटर उंची आणि एका ठिकाणी जास्तीत जास्त चार सॉकेट, अशा अटी त्यात आहेत. स्वतंत्र संरक्षणाची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दहा गाड्यांना मिळून एकच आरसीसीबी असला की एका गाडीतील गळतीने दहाही गाड्या अंधारात जातात आणि मग वैतागलेला कर्मचारी तो आरसीसीबीच बायपास करून टाकतो.

अमेरिकी संहितेतील एक गोष्ट मात्र आपण जशीच्या तशी उचलू नये. एकूण भार काढताना सर्व गाड्या एकाच वेळी पूर्ण वीज घेणार नाहीत असे धरून जागांच्या संख्येनुसार तेथे सवलत दिली जाते. 36 किंवा त्याहून अधिक जागा असतील तर केवळ 41 टक्के भार धरला जातो. मे महिन्याच्या दमट रात्री किनाऱ्यावरील प्रत्येक गाडीचा एसी चालू असणार, त्यामुळे येथे मुख्य केबल सढळ मापाचीच हवी.

वीजजोडणी घेताना महावितरणला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, पण नंतर आवारात वाढवलेल्या सॉकेटांकडे सहसा कोणी फिरकत नाही. म्हणून पर्यटन विभागाने कॅरॅव्हॅन पार्कला मान्यता देताना प्रत्येक जागेचा स्वतंत्र चाचणी अहवाल मागावा आणि विद्युत निरीक्षकांनी त्याची जागेवर पडताळणी करावी, अशी माझी विनंती आहे. त्या अहवालातील अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात घेतलेले चालवून घेऊ नये. कोकणातील जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा रोध मुळातच जास्त असतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की तो आणखी वाढतो, म्हणून मोजमाप त्याच दिवसांतले असावे.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक, रत्नागिरी जिल्हा