हिंगाच्या डबीतल्या टाचण्या

ति. काकूंस,
सा. न.

पोचले की फोन कर म्हणालात, तो केला. पण फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून ठेवूनच दिलात. म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितेय. तुमचं नाव घालायचं नाही ही अट पाळलीय. भाचा वाचून दाखवेल तेव्हा मध्येच कुकर बघायला उठू नका.

आधी ज्यांच्यामुळे आपली गाठ पडली त्यांच्याविषयी. आमचे एक लांबचे नातेवाईक अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनमध्ये असतात. "हॉटेल केलंस तर जन्मात बोलणार नाही, स्टेशनवर घ्यायला येतो," असं तीनदा सांगितलेले. शिकागोहून रात्री निघालेली गाडी पाच तास उशिरा पोचली आणि यांचा फोन बंद. पुढं कळलं की ते त्या दिवशी गावातच नव्हते. असो. माणसाला अडचण येऊ शकते, पण एक मेसेज टाकायला किती वेळ लागतो?

त्यांच्यावर राग आहे तो तेवढ्यासाठीच नाही. मिसिसिपीला एका लेखिकेचं घर बघायला चाललेय म्हटल्यावर त्यांनी, नवऱ्याच्या मित्रांनी, आमच्या वाचनकट्ट्यावरच्या बायकांनीसुद्धा एकच प्रश्न विचारला होता. "तिथं काय आहे बघायला?" एकीनं तर, "त्यापेक्षा न्यू ऑर्लीन्सला जा, निदान खाणं तरी चांगलं मिळेल," असं सुचवलं. मी प्रत्येकाला कारण देत बसले. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही.

तुम्ही भाच्याला त्याच गाडीत बसवायला आला होता, म्हणजे तुम्हीही पाच तास ताटकळलेल्या. मी बहिणीशी फोनवर रडवेली होऊन बोलत होते. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, "कुठली गं तू?" सातारा म्हटल्यावर "मी इचलकरंजीची" म्हणून माझी बॅग उचललीतसुद्धा. गाडीत मी घाबरत घाबरत सांगितलं की उद्या सकाळी पाइनहर्स्ट स्ट्रीटला जायचंय, एका लेखिकेच्या घरी, ती आता नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "किती वाजता पोचायचंय?"

काकू, तिथंच माझं निम्मं ओझं उतरलं.

पिठलं-भात खाताना जे अर्धवट सांगितलं ते आता नीट सांगते. युडोरा वेल्टी 1909 साली जॅक्सनमध्येच जन्मली. 1925 मध्ये आईवडिलांनी बेलहेवन भागात ते विटांचं, उंच छपराचं घर बांधलं आणि 2001 मध्ये मरेपर्यंत ती तिथंच राहिली. बाविशीत वडील गेले. मग नोकरी, फोटोग्राफी, कथा, बागकाम आणि आई. आईचं आजारपण वर्षानुवर्षं चाललं. 1955 नंतर तिचं पुढचं मोठं पुस्तक यायला 1970 उजाडलं. मधल्या काळात, 1966 च्या जानेवारीत, एकाच आठवड्यात आई आणि भाऊ दोघंही गेले. आणि 1973 मध्ये पुलित्झर पारितोषिक.

मला पुलित्झरचं काही नाही. मला ती पंधरा वर्षं बघायची होती. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या, गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्या चार वर्षांत मी किराण्याच्या यादीखेरीज काही लिहिलं नाही. एका संपादकांनी मला समजावलं होतं की लिहिणं एकदा सुटलं की सुटलंच. सभ्य शब्दांत सांगितलं होतं, म्हणून जास्त लागलं. मला ती खोली डोळ्यांनी बघायची होती, जिथं लिहिणं सुटलं नव्हतं. हे वाचनकट्ट्यावर कसं सांगायचं?

सकाळी तुम्ही गाडीतच थांबाल असं मला वाटलं होतं. तर तुम्ही कडक इस्त्रीची साडी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर आत आलात. दिवाणखान्यात कोचावर, खुर्च्यांवर, टेबलांवर पुस्तकांचे ढीग होते, ती असताना असायचे तसे. तुम्ही हळूच म्हणालात, "पाहुण्यानं बसायचं कुठं?" ती पुस्तकं उचलून जागा करत असणार, दुसरं काय.

स्वयंपाकघरात तुम्ही रेंगाळलात. 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, ती सरकारी योजनेच्या प्रसिद्धीचं काम करत मिसिसिपीभर हिंडली. जाईल तिथं शेतावरची, बाजारातली, चर्चबाहेरची माणसं कॅमेऱ्यात टिपली आणि रात्री घरी स्वयंपाकघरात फोटो धुतले. "म्हणजे जेवणं आवरल्यावर," तुम्ही म्हणालात. हो, जेवणं आवरल्यावर. बायकांच्या कलेची वेळ इतकी अचूक सांगणारं वाक्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

मग तो जिना. एकेक पायरी चढलात, मला हात लावू दिला नाहीत. वर तिची झोपण्याची खोली, तिथंच टंकलेखनाचं यंत्र, खिडकीखाली रस्ता. 12 जून 1963 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, याच शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली. बातमी कळली त्याच रात्री तिनं मारेकऱ्याच्या तोंडून बोलणारी कथा लिहून काढली. ती छापली जायच्या आत संशयित पकडला गेला, आणि तिची कल्पना खऱ्याच्या इतकी जवळ गेली होती की मजकुरातले तपशील बदलावे लागले. मी हे सांगताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. परतीच्या वाटेवर म्हणालात, "एवढी वर्षं एका गावात काढली की कोण काय मनात ठेवून बोलतंय ते कानाला कळतं, पोरी." तीस वर्षं या गावात काढलेलं माणूस बोलत होतं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट घडली ती त्याच वरच्या खोलीत. कथा टाइप करून झाली की ती कात्रीनं परिच्छेद कापायची, हवे तिथं हलवायची आणि टाचण्यांनी जोडायची. डिंकाला वेळ लागतो आणि एकदा चिकटवलं की सोडवता येत नाही. टाचणी काढली की तुकडा कुठंही नेता येतो, हे तिचं म्हणणं. हे मला वाचून माहीत होतं. लेखकाची गमतीदार सवय म्हणून दोनचार जणांना सांगितलंही होतं. तुम्ही मात्र एकदम म्हणालात, "ब्लाउजचंच आहे की हे. आधी टाचून अंगावर बघायचं, मग शिवायचं. शिवलेलं उसवत बसलं की कापडाला भोकं पडतात."

काकू, मी दहा वर्षं कथा उसवत बसलेय. कापडाला भोकं पडलीत. पहिलं वाक्य पक्कं झाल्याशिवाय दुसरं लिहायचं नाही हे मला कुणी शिकवलं देव जाणे. फीचे पैसे मोजून दोन लेखन कार्यशाळा केल्या; तिथं 'आतला आवाज' सोडून कुणी दुसरं बोललं नाही. तुम्ही अर्ध्या इंचाची शिलाई ठेवून मोटेलवाल्या गुजराती बायकांचे ब्लाउज शिवता, आणि लिहिण्याचं तुम्हाला एका क्षणात कळलं.

दुपारी ब्रह्मकमळाची गंमत झाली. दक्षिणेतले लोक ज्याला नाइट ब्लूमिंग सिरियस म्हणतात ते रात्री उमलणारं फूल, आणि त्याच्यासाठी वेल्टीनं मित्रमैत्रिणींबरोबर काढलेला क्लब, हे मी सांगत होते. तेव्हा लोक पेपरात कळवायचे, आज आमच्याकडे फूल उमलणार, बघायला या. आणि ही मंडळी अनोळखी घरांतही जायची, जागायची, हसायची. मी फोनवर फोटो दाखवला. "अगं, हे ब्रह्मकमळ!" म्हणून तुम्ही मला ओट्यावरच्या कुंडीपाशी नेलंत. मग इचलकरंजीची ती गल्ली, रात्री अकराला उठवलेली पोरं, फुलाला वाहिलेलं हळदकुंकू आणि सकाळी मान टाकलेलं फूल. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, आपलं हे मेक्सिकोकडचं निवडुंग, असं शास्त्रवाले सांगतात. सांगू देत. बोलावणं न करता शेजारी येऊन बसतात ते फूल कुठलंही असो.

निघताना तुम्ही चिवडा दिलात, लोणचं दिलंत. ते अपेक्षितच होतं, आपल्याकडे रिकाम्या हातानं कोण पाठवतं? पण स्टेशनवर गाडी दिसल्यावर पर्समधून ती पिवळी हिंगाची डबी काढून माझ्या हातात कोंबलीत. मला वाटलं हिंगच. उघडली तर टाचण्या. मशिनच्या खणातल्या, तुमच्या रोजच्या, दोनचार वाकलेल्या. "नव्या आणणार होते, पण दुकान उघडायचं होतं," म्हणालात, जणू काही कमी पडल्यासारखं.

मी आभारसुद्धा मानले नाहीत. तोंडातून शब्दच फुटेना. गाडीत बसल्यावर डबी उघडून वास घेत राहिले.

आता तुम्हाला बातमी. काल जेवणं आवरल्यावर चार वर्षांपूर्वी सोडून दिलेली कथा छापून काढली आणि कापली. पहिलं पान, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त रक्त आटवलं, ते शेवटाकडे नेऊन टाचलं. तिथं ते बसतंय. अंगावर घालून बघायचंय अजून. सगळा पलंग कागदांनी भरलाय, नवरा बाहेर कोचावर झोपलाय, आणि अख्ख्या कथेला हिंगाचा वास येतोय. एक टाचणी सापडत नव्हती, ती आज सकाळी मुलीच्या मोज्यात निघाली.

डबी मी परत आणून देणार आहे. रिकामी द्यायची नाही हे माहीत आहे. काय घालून आणू?

तुमची,
साताऱ्याची