कामगारमंत्र्यांना खुलं पत्र : पुरावा बाईकडेच का मागता?

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, कुपवाड एमआयडीसीतल्या कामगार बायकांचे तक्रारअर्ज मी लिहून देते. गेल्या पावसाळ्यात पॅकिंग खात्यातली एक बाई आली. सातवा महिना लागलेला. सुपरवायझरनं गेटवरच तिचं कार्ड काढून घेतलं आणि सांगितलं, "बाळंतपण उरकून घ्या, मग बघू." तीन वर्षांची नोकरी, पण हातात ना नियुक्तीपत्र ना पगाराची पावती. ठेकेदार मधूनमधून नोकरीत ब्रेक, म्हणजे खंड देऊन नवा कामगार नंबर द्यायचा. मोबाईलवर पीएफ जमा झाल्याचे मेसेज तेवढे होते. अर्ज घेऊन गेलो, तर सरकारी खिडकीवर पहिला प्रश्न, "कामाला होता याचा पुरावा काय?"

कायदा तिच्या बाजूनं आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रोजंदारीवरच्या बायकांनाही मातृत्व रजेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात स्पष्ट केलं.

पण गरोदर आहे म्हणून काढलं, असं कुणी लिहून देत नाही. "काम समाधानकारक नाही" एवढंच तोंडी सांगतात. दिवाळीत जिला हजेरीचं बक्षीस दिलं, तिचं काम पोट दिसू लागल्यावरच कसं बिघडलं? चौकशी अधिकाऱ्यानं तारखा अशा शेजारी ठेवून बघायला हव्यात. भेदभाव तिथंच सापडतो.

मजुरीतही तेच. एकाच टेबलावर तेच पॅकिंग, आणि पुरुषाला रोजची मजुरी जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून हे बेकायदा आहे. पुरुष जड पोती उचलतात, असं मालक म्हणतात. उचलत असतील तर त्या कामाचा दर वेगळा लावा. पॅकिंगचा दर एकच हवा, आणि तो सारखा करायला पुरुषांची मजुरीही कापता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांनी, नियुक्तीपत्र सक्तीचं केलंय. मग ते दिलं नाही, याचा जाब मालकाला विचारा. तोंडी तक्रारसुद्धा लिहून घ्या, तारखेचा शिक्का मारलेली पोच द्या आणि ठेकेदारासोबत मूळ कंपनीकडूनही हजेरीपट, पगारपत्रक मागवा. त्या बाईचा अर्ज अजून पडून आहे. निदान तिचा हजेरीपट मागवण्याचा आदेश या आठवड्यात निघावा.

आपली,
एक कार्यकर्ती, कुपवाड (जि. सांगली)