आई, ऑपरेशन सहा आठवडे पुढे नेलंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी सहा आठवडे पुढे नेली आहे. तुझ्या पापण्यांतल्या तेलग्रंथी तुंबून कडा सुजल्यात आणि डोळे कोरडे पडलेत, ते आधी बरं करायचं. काल डॉक्टरांशी बोलले, त्यांचंही मत तेच पडलं. तुला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच. पण तू मनाची तयारी करून बसली होतीस, "एवढ्याशा खाजेसाठी कशाला" म्हणाली असतीस, आणि बाबा, तुम्ही तिचीच बाजू घेतली असतीत. म्हणून आधी ठरवलं आणि आता सांगते आहे.

डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना यंत्र कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, गोलावा मोजतं, आणि तो कळतो अश्रूंच्या थरावरून परतणाऱ्या प्रकाशातून. तुझा तो थर टिकत नाही, पापणी मिटायच्या आत फाटतो. तुझी दोन वेळची मापं जुळली नाहीत ती त्यामुळेच. अशा मापावर भिंग बसलं तर नंबर चुकतो, आणि भिंग बदलायचं म्हणजे पुन्हा ऑपरेशन. शिवाय सुजलेल्या पापण्यांच्या कडांवर जंतू जास्त असतात, ते ऑपरेशनच्या वेळी आत जायला नकोत. तुझा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, सहा आठवड्यांनी काही बिघडत नाही हे डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंय.

"डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि डॉक्टर म्हणतात कोरडे!" हे तुझं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते असं आहे. वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० तेलग्रंथी कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या असतात. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक उघडझापेला त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. वय वाढलं की हे तेल घट्ट होतं, टूथपेस्टसारखं, आणि तोंडं बुजतात. मग पाणी उडतं, डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीने नुसत्या पाण्याचा लोंढा येतो जो गालावर ओघळतो. ग्रंथी फार काळ तुंबून राहिली तर आक्रसते, आणि आक्रसलेली सहसा परत येत नाही. मला घाई आहे ती याची.

तर शेक. माझ्या रांजणवाडीवर तू रुमालावर फुंकर घालून धरायचीस, अजून ती ऊब आठवते. पण फुंकरीत जेमतेम अंगाइतकी ऊब. हे घट्ट तेल वितळायला पापणी ४० अंशांच्या आसपास यावी लागते आणि काही मिनिटं तिथे राहावी लागते. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो, आणि बहुतेकांचा शेक इथेच फुकट जातो. म्हणून दोन जाड रुमाल, थर्मासमध्ये गरम पाणी, एक डोळ्यांवर असताना दुसरा तयार. एकूण १० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. आरामखुर्चीत मागे टेकून बस, रेडिओ लाव. बाबा, रुमाल तुम्ही पिळून द्या, पण किती गरम आहे हे तुम्ही ठरवू नका. मधुमेहाने तुमच्या बोटांना चटका उशिरा कळतो. आईने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे सोसतं तेवढंच डोळ्यांवर.

शेक झाला की लगेच, तेल पुन्हा घट्ट व्हायच्या आत, मालिश. हात धुऊन घे. खाली बघ आणि वरच्या पापणीवरून बोट केसांच्या दिशेने खाली आण. मग वर बघ आणि खालची पापणी वरच्या दिशेने. प्रत्येकी पाच-सहा वेळा. क्रीम लावताना देतेस तेवढाच दाब, बुबुळावर जोर अजिबात नको. नंतर थोडा वेळ धूसर दिसेल, ते तेल पसरल्यामुळे. तेवढ्यात जिना उतरायचा नाही. मग पापण्या पुसायच्या पट्टीने केसांच्या मुळांशी हलकेच पूस, दोन डोळ्यांना दोन वेगळ्या पट्ट्या. साबण नको.

पहिले दहा दिवस काही फरक वाटणार नाही. तिथेच माणसं सोडून देतात. आई, तू सोडायचं नाहीस.

कोरडेपणाचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागतात, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायचं रसायन) नसलेले लिहून घेतलेत. ते रसायनच रोज इतक्या वेळा गेलं तर डोळ्याला झोंबतं. आणि कपाटातली ती जुनी अर्धी बाटली आजच टाकून द्या. तिच्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवस बरं वाटतं, पण परस्पर घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो. बाबा, हे तुमच्यावर सोपवते.

तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतील, तीही काही आठवडे. ग्रंथींची सूज उतरवायला देतात, इन्फेक्शन वाढलंय असं समजून घाबरू नकोस. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तुझी कॅल्शियमची गोळी दोन-तीन तास लांब ठेव, बरोबर घेतली तर औषध अंगी लागत नाही. कडक उन्हात त्वचा भाजते, तेव्हा टोपी. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र आणू नका, बाबा. २०१८ मध्ये कोरड्या डोळ्यांच्या ५३५ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. वर्षभर घेऊनही ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

डाव्या वरच्या पापणीतली न दुखणारी गाठ म्हणजे तुंबलेली ग्रंथीच आहे, शेकाने बऱ्याचदा विरते. फोडू नकोस. विरली नाही तर आतल्या बाजूने लहानसा छेद देऊन काढतात, बाहेर व्रण दिसत नाही. तीच गाठ त्याच जागी परत आली किंवा तिथले केस गळले, तर मात्र मला लगेच सांगायचं. या वयात अशा गाठीचा तुकडा तपासून बघणं ही रीतच आहे, तुला काही झालंय म्हणून लिहीत नाही.

पूर्ण पापणी लाल होऊन सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं किंवा कमी दिसू लागलं, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

खाण्यापिण्याचं पथ्य काही नाही, आई. वाचन बंद नाही, टीव्हीही नाही, फक्त मधूनमधून पापण्या पूर्ण मिटून उघड. पंख्याचा झोत तोंडावर नको. आणि ऑपरेशन झालं की शेक-मालिश थांबवायचं, डॉक्टर पुन्हा सुरू करा म्हणेपर्यंत. बाबा, हे वहीत ठळक लिहून ठेवा.

तुमची,
धाकटी